चौदावं ठिगळ

तोपिआस, तुझ्या विटकरी ओव्हरऑलवर
आजवर तेरा ठिगळं शिवलीयत मी.
फाटलं म्हणून नव्हे.
आमच्या ओउलूत विद्यार्थ्यांना
दर पार्टीचं एक रंगीत ठिगळ मिळतं,
मांडीवर, पाठीवर, जागा दिसेल तिथं लावायचं,
की होतो बाबा, आम्हीही होतो तिथं.

दातांत घालायच्या दोऱ्यानं शिवते. तो तुटत नाही.
तू शेजारी मांडी घालून बसतोस
आणि बोट ठेवून विचारतोस,
"हे कुठलं गं, केर्त्तू?"

हे बेडकाचं ना? ऑक्टोबर. जहाजावरचं.
तू डेकवर उभा राहून
ओउलूपासून हेलसिंकीपर्यंतची स्टेशनं
घडाघडा म्हणून दाखवलीस, लहानपणी म्हणायचास तशी.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एवढंच सांगते.
त्यानंतर तू कठड्यावर चढलास,
आणि अल्पोनं तुला बुटाच्या नाडीला धरून खाली ओढलं,
ते माझ्याकडेच राहतं.

आधी वाटायचं, तू विसरतोस.
विसरलेलं काय, परत येतं कधीतरी,
ओल्या लाकडाच्या वासासरशी, नाहीतर भांडताना.
पण आइरा हिएताला म्हणाल्या, तसं नाही.
त्या रात्री तू चालतोस, बोलतोस,
सायकलचं कुलूपही काढतोस बरोबर,
फक्त आत टिपून घेणारा कारकून जागेवर नसतो.
वहीच कोरी.
जे लिहिलंच नाही ते आठवायचं कुठून?

(सिनेमाची दोन तिकिटं मिळणार म्हणून
गेलो होतो आपण त्यांच्या प्रयोगाला.)

यंत्राच्या नळीत पडून
हिरवं दिसलं की बटण दाबायचं,
लाल दिसलं की नाही.
तू लालवरही दाबत राहिलास.
बाहेर येऊन म्हणालास, हात ऐकेना.

"एकाच्या चित्रावरून काही ठरत नसतं,"
त्या म्हणाल्या, फार सांभाळून.
"शेकडो मेंदू शेजारी शेजारी ठेवले
की कुठं पुसट फरक दिसतो,
इथली कड जरा पातळ, तिथली वाट जरा विरळ.
आणि 'पुरे' म्हणणारं जे कुणी कपाळामागं असतं,
ते सगळ्यांत शेवटी रुजू होतं कामावर,
पंचविशीच्या आसपास."

"म्हणजे अजून सहा वर्षं सुट्टी!" तू म्हणालास.
त्या हसल्या नाहीत.
कागदी पेल्यातलं पाणी संपवलं त्यांनी.

कपाळावर काय लिहिलंय ते कळत नाही म्हणतात.
कपाळामागं तर अजून लिहिणंच चाललंय,
आणि आपण शाई ओली असताना
वर बाटली आडवी करतोय.

जानेवारीत, उणे बावीस,
तू दाराशी उभा, हातमोजा दातांत धरलेला.
चार आकडे. दोन वर्षं तेच चार आकडे.
मी वरून बघत होते.
लगेच खाली आले नाही.
तुला आठवेल असं वाटत होतं,
आठवायला हवं होतं मला.
त्या रात्री तू प्यायलाही नव्हतास.

आज सकाळी
माझ्या ओव्हरऑलच्या खिशात हे सापडलं:
पिवळं, वर चहाची किटली.
वाप्पूच्या रात्रीचं असणार.
नदीवर बर्फाचे तुकडे वाहत होते, ते आठवतं.
पूल आठवतो, अर्ध्यापर्यंत.
कोपराला हे काळंनिळं कशाचं, ते नाही.

तू होतास त्या रात्री. औषधं चालू होती तुझी,
रात्रभर लिंबूपाणी पीत बसला होतास.

मी ठिगळ तुझ्यासमोर ठेवलं.
"हे कुठलं रे?"

तू बराच वेळ किटलीकडे बघत राहिलास.
मग सांगायला लागलास,
मी कशी नाचले, कुणाची पांढरी टोपी घातली,
पुलावर उभं राहून
पाण्याला कशी मोठ्यानं हाक मारली.

आणि तिथं थांबलास.

मला ठाऊक आहे ते थांबणं.
"पुढे?" मी विचारलं.

तू दोरा तोडलास,
आणि मान खाली घालून
सुईत ओवायला लागलास.
जमत नव्हतं तुला.